वाळवंटाकाठच्या जत्रा

नोव्हेंबर उलटला की ऑकलंडजवळच्या पापाकुरातल्या आमच्या गल्लीत संध्याकाळचा धूर हिंडायला लागतो. प्रत्येकाच्या मागच्या अंगणात एक लोखंडी शेगडी, तिच्यावर तडतडणारी चरबी आणि चिमट्यानं मांस उलथणारा एखादा उघडाबंब पुरुष. ऊन लवकर कलत नाही, त्यामुळे हा कार्यक्रमही लवकर आटपत नाही. मी खिडकी लावून घेतो. माझी नात सई आता चौदा वर्षांची आहे. ती म्हणते, "आजोबा, इट्स जस्ट सॉसेजेस." मी म्हणतो, "म्हणूनच लावली."

नाकावर माझं पोट चाललं. नगरपालिकेत मी आरोग्य निरीक्षक होतो. हॉटेलांच्या मोऱ्या, खाटकांचे ओटे, मिठाईवाल्यांच्या कढया, सगळीकडे हुंगत फिरायचं आणि वास आला की शेरा मारायचा. किळस वाटणं हा कामाचाच भाग होता, आणि तो मला उत्तम जमायचा. निवृत्तीनंतर काम गेलं, किळस राहिली. बायको गेल्यावर ती किळस घेऊन मी न्यूझीलंडला मुलाकडे आलो. दोन हजार दोनची गोष्ट.

खिडकी लावली तरी धूर फटीतून येतोच, आणि त्याच्याबरोबर तो पहिला उन्हाळा येतो. त्या उन्हाळ्याबद्दल आमच्या नात्यागोत्यात एक हकिकत रूढ झाली आहे. ती मीच सांगितलेली आहे आणि ती खोटी आहे. माझ्या सुनेचं, वृंदाचं, नाव त्यात विनाकारण खराब झालं. ते पुसायचं म्हणून हे लिहायला बसलो.

माझा मुलगा मिलिंद तेव्हा एका वीजप्रकल्पाच्या कालव्यांवर इंजिनियर होता. डेझर्ट रोड जिथे खाली उतरतो, तिथल्या एका लहानशा गावात त्याचं घर होतं. डेझर्ट म्हणजे वाळवंट, एवढं मला येत होतं. पुण्यातून निघताना मी सुती सदरे आणि उन्हाची टोपी भरली. प्रत्यक्षात पाहिलं तर काळी खडी, तपकिरी गवताचे झुबके, हाडं गोठवणारा वारा आणि मागे बर्फ पांघरून बसलेला ज्वालामुखी. वर पाऊस! पडतो तसा झिरपून जातो, जमीन पुन्हा कोरडी ती कोरडीच. "याला वाळवंट कोण म्हणतं?" मी विचारलं. मिलिंद गाडी चालवता चालवता म्हणाला, "ज्यांना इथे काही पेरता आलं नाही, ते." लांबून तोफांचे आवाज येत होते. लष्कराचा सराव चालतो तिथे. मला वाटलं, बरोबर आहे, दुसरं करायचं तरी काय इथे?

पण त्या वाळवंटाच्या काठाकाठानं गावं होती, आणि उन्हाळा लागला की प्रत्येक शनिवारी कुठल्या ना कुठल्या गावात जत्रा भरायची. कधी मेंढ्यांच्या कातरणीच्या स्पर्धा, कधी गमबूट लांब फेकायची शर्यत, कधी शाळेचा प्राण्यांचा दिवस, कधी रानडुकरांच्या शिकारीचं वजन, आणि शेवटी नाताळची मिरवणूक. वृंदा गावच्या लायब्ररीत काम करायची. यातल्या प्रत्येक ठिकाणी तिचा काहीतरी हातभार असायचा. कुठे केक, कुठे तिकिटं, कुठे मुलांच्या तोंडावर रंगवायचे वाघ. पुण्याची ही बारीकशी मुलगी गमबूट घालून चिखलातून चालायची, आणि शेतकरी लांबूनच हात वर करून ओरडायचे, "हाय व्ह्रिंडा!" तिच्या गळ्यात कायम एक केशरी सुती ओढणी असायची. त्या करड्या-तपकिरी मुलखात ती अर्ध्या मैलावरून ओळखू यायची.

मला प्रत्येक जत्रेत न्यायचे. सांगायला लाज वाटते, पण प्रत्येक जत्रेत मला मळमळलं.

शाळेच्या प्राणिदिनाला मुलं आपापलं कोकरू घेऊन आली होती. बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं, गळ्यात रिबीन बांधलेलं. दिसायला गोड, वासाला भयंकर. ओली लोकर, आंबलेलं दूध, आणि शेपटीखाली वाळलेली घाण. एक मुलगा त्या शेपटीवर ओला फडका फिरवत होता. परीक्षक बाई पुढे गेल्यावर त्यानं फडका खिशात कोंबला आणि त्याच हातानं सॉसेज गुंडाळलेला पाव घेतला. मी सईचा हात घट्ट धरून ठेवला. "हात धुतल्याशिवाय काही खायचं नाही." "आजोबा, एव्हरीवन इज ईटिंग." "एव्हरीवनला जंत होतील."

कातरणीच्या मांडवात मेंढ्यांना पाठीवर लोळवून एका दमात सोलल्यासारखं करत. लोकर निघायची ती घामट, पिवळट, तुपाळ. एखाद्या मेंढीला कात्री लागायची, कातडी उलगडायची आणि एक माणूस तिथल्या तिथे सुईदोऱ्यानं ती शिवून टाकायचा. प्रेक्षक घड्याळ लावून ओरडत होते. शेजारीच एक आजीबाई साय घातलेल्या धिरड्यांसारखं काहीतरी विकत होती. सायीवर माश्या होत्या. त्या माश्या आधी कुठे बसून आल्या असतील, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक?

आणि डुकरं! गावच्या मैदानात लोखंडी दांडा आडवा टाकलेला, त्यावर ओळीनं टांगलेली रानडुकरं. पोटं रिकामी केलेली, जिभा बाहेर, खाली रक्त टिपायला लाकडाचा भुसा. मुलं सुळे मोजत होती. एका पोरीनं डुकराच्या कानात बोट घातलं. पलीकडे मुलांचा वेगळा विभाग होता, त्यात ससे आणि पोसम नावाची झाडावरची केसाळ जनावरं लहान दांड्यावर. वजन पुकारलं की टाळ्या. मी झाडामागे जाऊन ओकलो. वृंदानं पाण्याची बाटली आणून दिली, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "बाबा, गाडीत बसा तुम्ही. मी बक्षिसं वाटून येते." ओढणीच्या टोकानं तिनं माझं तोंडही पुसलं असतं, पण मी मान फिरवली. मला वाटलं, हिला वास कसा येत नाही?

आमच्या शेजारी हेमी राहायचा. माओरी, पन्नाशी ओलांडलेला, हिवाळ्यात डेझर्ट रोडवरचा बर्फ ओढायचं यंत्र चालवणारा. मला पाहिलं की दोन्ही हात कमरेवर ठेवून म्हणायचा, "किया ओरा, कोरो! अजून गोठला नाहीस?" कोरो म्हणजे त्यांच्याकडे आजोबा, मोठा माणूस. त्याची मुलगी आरोहा पंधरा वर्षांची होती. वृंदाशी तिचं गुळपीठ. लायब्ररीत पुस्तकं लावायला जायची आणि वृंदाकडून मेंदी काढून घ्यायची.

डुकरांच्या जत्रेनंतरच्या सोमवारी दुपारी ही दोघं आमच्या दारात आली. घरात मी एकटाच. मिलिंद कालव्यावर, वृंदा लायब्ररीत, सई टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, घेऊन तळ्यावर गेलेली. आरोहाच्या हातात डुकराचा मागचा अख्खा पाय होता. केस भाजून काढलेले, कातडीवर काळे डाग, जळक्या केसांचा वास. तिच्या हातावर मेंदी होती आणि नखांत रक्त.

हेमी त्या दिवशी थट्टा करत नव्हता. त्यानं सावकाश, मला कळेल अशा इंग्रजीत सांगितलं, "हिचं पहिलं डुक्कर. आमच्यात पहिली शिकार स्वतः खात नाहीत. देऊन टाकतात. थोरल्या माणसाला. या रस्त्यावर सगळ्यात थोरला तू आहेस, कोरो."

मी काय म्हणायला हवं होतं? "पोरी, मी हे खात नाही, पण तू मला दिलंस हे माझ्या लक्षात राहील." एवढं वाक्य. आयुष्यभर मी बड्या बड्या हॉटेलवाल्यांना तोंडावर नाही म्हटलेलं होतं. पण ते साहेब म्हणून. पाहुणा म्हणून नाही म्हणायची आपल्याला सवय नसते. मी दोन्ही हात पुढे केले, आणि "ब्यूटिफुल. व्हेरी काइंड," असं म्हणून तो पाय घेतला. पोरगी लाजून हसली. ते थंड, जड, थोडं चिकट वजन अजून माझ्या मनगटांत आहे.

दार लागल्यावर मी तो पाय धुण्याच्या खोलीतल्या सिंकमध्ये टाकला आणि हात साबणानं घासत राहिलो. पुन्हा त्याला हात लावणं शक्यच नव्हतं. कोपऱ्यात धुवायच्या कपड्यांची टोपली होती. तिच्यातून वर आलेलं पहिलं कापड ओढलं, पाय त्यात गुंडाळला, गाठ मारली, आणि मागच्या कुंपणाशी खड्डा खणून पुरला. कापड कुठलं ते पाहिलं नाही. नाक दाबून, डोळे अर्धे मिटून केलेलं काम. मेलेली जनावरं किती खोल गाडायची हे मला नोकरीनं शिकवलं होतं, पण ते आपल्या काळ्या मातीत. तिथली जमीन म्हणजे ज्वालामुखीची हलकी खडी. फावडं लोण्यात गेल्यासारखं गेलं, आणि मला वाटलं, किती सोपं आहे.

संध्याकाळी वृंदानं विचारलं, "बाबा, हेमी वाटेत भेटला. आरोहानं काही दिलंय म्हणे?"

"दिलं होतं. विल्हेवाट लावली मी."

ती कणीक मळता मळता थांबली. "अहो, मी शिजवलं असतं."

"तू?"

"मी खाते, बाबा. इथे आल्यापासून. तुमच्यासमोर नाही, एवढंच." मग कणकेकडे बघत म्हणाली, "मी सांगून येते त्यांना. तुम्हाला चालत नाही म्हणून. वाईट वाटेल, पण समजून घेतील."

"अजिबात नाही. मी तोंडावर ब्यूटिफुल म्हटलंय. माझी काय अब्रू राहील?"

"आणि आरोहाची?"

"तिला कळणार कुठून?"

वृंदानं कणीक पुन्हा मळायला घेतली. तिला गप्प बसवलं मी. आणि खरं सांगतो, त्या रात्री जेवताना तिच्या हातची पोळी घ्यायलाही मला किळस आली. या हातांनी ही काय काय शिजवत असेल!

नाताळची मिरवणूक पुढच्या शनिवारी होती. कडक ऊन आणि गार वारा, त्या मुलखाचं ठरलेलं हवामान. ट्रॅक्टरवर चंदेरी झिरमिळ्या, अग्निशमनाच्या गाडीवर सांताक्लॉज, आणि तो मुठी मुठी भरून लॉली, म्हणजे गोळ्या, फेकत होता. पोरं जांदल्स, म्हणजे रबरी सपाता, फटफटत रस्त्यावर पडलेल्या लॉली उचलून थेट तोंडात टाकत होती. पुढून घोडे गेले होते, त्यांची लीद तिथेच. सईनं एक लॉली मला दिली. हेमी आपलं बर्फाचं यंत्र सजवून हळूहळू चालवत होता. मागे शाळेच्या ट्रेलरवर आरोहा पुठ्ठ्याची चांदणी होऊन उभी. डेअरीसमोर, म्हणजे तिथल्या कोपऱ्यावरच्या दुकानासमोर, आम्ही तिघं. मिलिंद फोटो काढायला पुढे गेला होता.

हेमीचा शिकारी कुत्रा रस्त्याच्या मधोमध चालत आला. तोंडात काहीतरी लांब, मातकट, आणि त्याच्यामागे फरफटत येणारं केशरी कापड.

आधी वास आला. मग मुलं "यक" करून हसली. कुत्रा धन्याच्या यंत्रासमोर थांबला, पाय खाली ठेवला आणि शेपूट हलवत उभा राहिला. मिरवणूक थांबली. ट्रेलरवरच्या चांदणीनं पाहिलं. भाजलेल्या कातडीवरचे डाग तिनं ओळखले असणार. आणि ती ओढणी तर अख्ख्या गावानं ओळखली.

सगळ्यांनी वृंदाकडे पाहिलं. वृंदानं माझ्याकडे पाहिलं. मी लॉलीचा कागद सोडवत होतो. कागद चिकटला होता, आणि तो सोडवणं हे त्या घडीला जगातलं सगळ्यात महत्त्वाचं काम असल्यासारखा मी त्याच्यावर नख चालवत होतो. सुटला. मी लॉली तोंडात टाकली. संत्र्याची होती.

"आय अ‍ॅम सॉरी, हेमी," वृंदाचा आवाज आला. "इट वॉज मी."

हेमी खाली उतरला. त्यानं पाय उचलून यंत्रावर ठेवला. ओढणी झटकली, तिची नीट घडी घातली आणि वृंदाच्या हातात दिली. आरोहा पाठ फिरवून उभी राहिली. पुठ्ठ्याच्या चांदणीला मागून नुसत्या चिकटपट्ट्या होत्या.

संत्र्याच्या वासानं मला आजही उमळतं. डुकरांच्या दांड्याखालचा भुसा, शिवलेली मेंढी, सायीवरच्या माश्या, हे सगळं हळूहळू विरत गेलं. पण ती गोड, चिकट, खोटी संत्री जिभेच्या मुळाशी आहे तशी आहे. मळमळायला घाण लागते अशी माझी समजूत होती. तोंडात साखर होती तेव्हा.

त्यानंतर त्या गावात वृंदाला कुणी वाईट बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. हात वर करून "हाय" म्हणत राहिले. पण शेजारी दारात ठेवून जायचे ती अंडी बंद झाली, लिंबं बंद झाली, केकसाठी येणारे फोन बंद झाले. आरोहा लायब्ररीत यायची थांबली. पुढच्या हिवाळ्यात मिलिंदनं ईस्ट टामाकीतल्या एका कारखान्यात नोकरी धरली आणि आम्ही ऑकलंडला आलो.

नाशिकच्या बहिणीनं फोनवर विचारलं, "अरे, चांगली सरकारी घरासारखी सोय सोडून का आलात?" मी म्हणालो, "वृंदाचं तिथे कुणाशी पटलं नाही." बहीण म्हणाली, "ती पहिल्यापासून जरा तुसडीच." आणि मी म्हणालो, "हं."

त्या "हं"चं पुढे काय काय झालं! लग्नकार्यात, बारशांत, फोनवर, तो फिरत राहिला. वृंदाचं कुठेच पटत नाही. वृंदाला माणसं नकोत. तिच्या आईच्या कानावर गेलं तेव्हा त्या बिचाऱ्यांनी मुलीलाच चार गोष्टी सुनावल्या. वृंदानं मला कधी विचारलं नाही. माझं पथ्यपाणी, गोळ्या, डॉक्टर, सगळं ती बघत राहिली. तिच्या हातची पोळी मी वेळेवर खात राहिलो. किळस कुणाची यायला हवी होती, आणि कुणाची येत होती.

परवा सईची वेलिंग्टनला वादविवाद स्पर्धा होती. मिलिंदला सुट्टी नव्हती, वृंदा गाडीनं नेणार होती. मी म्हणालो, मी येतो. डेझर्ट रोड लागला. तोच वारा, तीच काळी खडी. सई मागे कानात वायरी घालून झोपलेली. मी म्हणालो, "गावात थांबव जरा."

"कशाला?"

"हेमीला सांगायचंय."

वृंदानं आरशातून मागे झोपलेल्या सईकडे पाहिलं. मग म्हणाली, "हेमी गेला, बाबा. दोन हिवाळे झाले. मी कार्ड पाठवलं होतं."

मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. "मग आरोहाला."

"आता कशाला उकरता?" गाडीचा वेग मात्र तिनं कमी केला होता. "सांगायचं असेल तर तुमचं तुम्ही सांगा. मी मध्ये बोलणार नाही."

मैदानात डुकरांची जत्रा भरलेली होती. दांडा तोच असावा. भुसा, माश्या, टाळ्या. अग्निशमन दलाच्या मदतीसाठी लावलेल्या एका टपरीत आरोहा भाजलेलं डुक्कर कापत होती. रुंद खांदे, बापाचेच. मला तिनं ओळखलं, हसली नाही.

मी निरीक्षकाच्या इंग्रजीत सगळं सांगितलं. पाय मी पुरला. कापड मी घेतलं. वृंदा शिजवणार होती, तुला सांगायला येणार होती, मी येऊ दिलं नाही. त्या दिवशी मी शेजारी उभा होतो.

आरोहाची सुरी थांबली. "आय वॉज फिफ्टीन," ती म्हणाली. "मला वाटलं, माझी शिकार घाणेरडी होती." मग वृंदाकडे पाहून, "आणि आंटी, तू त्याला बोलू दिलं नाहीस?"

"मी वाट पाहिली," वृंदा म्हणाली. "बाबांनी लॉली खाल्ली."

कुणी हसलं नाही. आरोहानं मान खाली घालून मांसाचे दोन जाड काप कापले, पावात घातले आणि वृंदापुढे धरले. वृंदानं ते घेतले आणि तिथेच, माझ्यासमोर, उभ्या उभ्या खायला लागली. तिच्या हनुवटीवरून चरबीचा ओघळ आला. मी पहिल्यांदा तिला ते खाताना पाहत होतो. मी मान फिरवली नाही.

"आणि तू, कोरो?" आरोहानं सुरी माझ्याकडे रोखली. "पोर्क?"

"नो," मी म्हणालो. "मी खात नाही."

"स्वीट अ‍ॅज." चालतंय, अशा अर्थानं तिनं खांदे उडवले. एवढंच होतं ते. सात वर्षांपूर्वीही एवढंच झालं असतं.

बाजूला बटाट्याच्या खमिराचा घरगुती पाव होता. तिनं त्याचा एक तुकडा कापून माझ्या हातावर ठेवला. कापला त्याच सुरीनं. पुसली नाही. पावाच्या कडेला चरबी चमकत होती, आणि असली कड मी आयुष्यभर लांबून ओळखत आलो होतो. असल्या एका सुरीसाठी मी माणसांची दुकानं बंद केली होती. आरोहा बघत होती. वृंदाही.

मी खाल्ला. आंबट, गरम, आणि मागून ती चव. अंगावर काटा आला, डोळ्यांत पाणी आलं. मी गिळला आणि हात पुन्हा पुढे केला.

"बाबा, पुरे," वृंदा म्हणाली. "वाटेत ओकलात तर गाडी तुम्ही धुवायची."